ओला कुंचला

शुक्रवार पेठ, सोलापूर
४ जुलै २०२५

अक्का,

'तीर्थरूप' लिहायला घेतलं आणि थांबले. 'प्रिय' लिहिलं असतं तर तुम्ही पदर तोंडाला लावून हसला असता. म्हणून नुसतं अक्का.

तुमचा निरोप मिळाला. अंकिताच सांगत आली, "काकी, आई म्हणतीये, सातवा लागला की मी न्यायला येते, काकीला सांगून ठेव." माझ्या पोटी जन्मलेली, तुमच्या ओटीत वाढलेली मुलगी. तुम्हाला आई म्हणते, मला काकी म्हणते, आणि आपल्या दोघींचे निरोपही तिनंच पोहोचवायचे. तीन वर्षं तुम्ही माझा फोन उचललेला नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे मलाही कळतं. प्रश्न एवढाच आहे की तिचं माहेर कुठलं.

ती दोन वर्षं माझ्याकडे राहते आहे. संशोधनासाठी कॉलेज इथलं, उंदरांचं प्राणिगृह इथलं, नाव घातलेली डॉक्टरीण इथली. जावई शनिवारी पुण्याहून येतात, त्यांना स्टेशनवरून रिक्षानं दहा मिनिटं लागतात. मंगळवेढ्याला त्यांनी पुन्हा एसटी धरायची, आणि अडीनडीला तिला घेऊन आपण परत सोलापूरलाच धावायचं. मग न्यायचीच कशाला? ती इथंच बाळंत होईल.

लग्नातलं मनात धरून तुम्ही हे करताय, हे मला माहीत आहे. थोरले भाऊजी गेलेले, तेव्हा कन्यादानाला तुम्ही बसायचं नाही हे भावकीतल्या लोकांनी ठरवलं. मी नाही ठरवलं. मी आणि तुमचे भावजी पाटावर बसलो, आणि तुम्ही मांडवामागं आचाऱ्याच्या पातेल्यांजवळ जाऊन बसलात. अक्षता टाकायलाही उठला नाहीत. निघताना मला एकच विचारलंत, "हिरवा शालू कवा घेतलावतास गं, परभा? आधीच?" मी उत्तर दिलं नाही. आजही देत नाही.

पण याचं उत्तर तुम्ही द्या. सातवीपर्यंत शिकला आहात, अक्षर माझ्यापेक्षा गोल आहे. लिहिता येत नाही असं मला सांगू नका.

प्रभा


२१ जुलै २०२५

अक्का,

उत्तर नाही. बरं.

पोस्टमनची वाट बघायची सवय मला कॉन्व्हेंटपासूनची. वडिलांची बदली हुबळीला झाली, मी इथं आजोळी राहिले, आणि दर शनिवारी सिस्टर वर्गात पत्रं वाटायच्या. ज्यांचं पत्र नसे त्या मुलीनं रडायचं नाही, फळा पुसायचा, असा नियम होता. मी पुष्कळ वेळा फळा पुसलाय.

तुम्ही अंकिताला फोनवर विचारता म्हणे, "उंदरं कापून काय घावतंय गं?" ती हसून टाळते. मी सांगते. तीस वर्षं मुलींना शास्त्र शिकवलं, तुम्हाला शिकवायला काय हरकत आहे? आठवतं ना, नवी नवरी होऊन आले तेव्हा मला चूल फुंकता येत नव्हती. मी सांगितलं, मला मूत्रपिंडाची आकृती न बघता काढता येते. तुम्ही म्हणालात, "मग त्येचंच कालवण कर की." सगळं स्वयंपाकघर हसलं होतं. आणि दुपारी सगळ्या निजल्यावर तुम्हीच मला परातीजवळ बसवून भाकरी थापायला शिकवलीत. माझी भाकरी फाटली की तुम्ही ती आपल्या पानात घ्यायचात.

तर त्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी बसलेली असते. पुस्तकात अधिवृक्क, अंकिता ॲड्रिनल म्हणते. भीती वाटली, थंडी वाजली, दुखलं, की ती रक्तात एक रस सोडते आणि सगळ्या अंगाला जागं करते. मोठ्या उंदराची ही ग्रंथी ज्वारीच्या दाण्याएवढी असते. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाची मोहरीएवढी. अंकिता या मोहरीची ज्वारी कशी होते ते बघते. थोड्या थोड्या दिवसांनी पिल्लांच्या ग्रंथी काढायच्या, तोलायच्या, रक्तातला रस मोजायचा.

त्यात नवल असं, की जन्मल्यावर पहिले दोन आठवडे ही ग्रंथी जवळजवळ गप्प असते. पिल्लाला सुई टोचा, गार जागी ठेवा, तिला फारसा फरक पडत नाही. मेंदू तयार होत असतो, त्याला त्या रसाचा उपद्रव नको, म्हणून निसर्गानं तिला निजवून ठेवलेलं असतं. मात्र एक अट आहे. आई जवळ पाहिजे. आईला एक दिवस नि एक रात्र उचलून दुसरीकडे ठेवलं, की ती मोहरी जागी होते.

आता सांगा, अंकिताला माझ्याजवळून उचललं ते कितव्या दिवशी?

बारशाच्या. बाराव्या. याच घरात. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या, गल्लीतल्या बायका घुगऱ्यांसाठी थांबल्या होत्या. तुम्ही मंगळवेढ्याहून आला होता, जांभळ्या लुगड्यात. सासूबाई उठल्या. सगळ्यांना वाटलं तुमची ओटी भरणार. बायका सरसावून बसल्या. त्यांनी तांदूळ घातले, नारळ घातला, आणि नारळ उचलून त्या जागी माझी मुलगी ठेवली. "वैजयंता, ही तुजी." एक बाई तर टाळ्या वाजवायला लागली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी मान खाली घातली. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलं होतं, पाहुण्यांसमोर रडायचं नाही. चारचौघांत सासूला 'नाही' कसं म्हणायचं, ते कोणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळच्या एसटीनं तुम्ही तिला घेऊन गेलात.

माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे मला कळतं. पण कुकरची शिट्टी झाली की तिशीतल्या या मुलीच्या हातातलं भांडं पडतं. दारावरची बेल वाजली की ती आधी दचकते, मग उठते. असं का होतं, हे मी तिच्या पुस्तकांतून शोधते आहे. तुम्हीही विचार करा.

प्रभा


९ ऑगस्ट २०२५

अक्का,

आज राखी. माझा इंद्रजीत बंगळुरूला, त्याला अंकितानं आठ दिवस आधीच पाठवली होती. सकाळी त्यानं फोनवर हात दाखवला. या दोघांना सख्खं-चुलत असलं काही करावं लागत नाही. ते फक्त आपल्याला करावं लागतं.

दुपारी ती माझ्याजवळ गवार मोडत बसली. मी सहज विचारावं तसं विचारलं, पिल्लांची जागी झालेली ग्रंथी पुन्हा निजते का? तिनं शेंग खाली ठेवली.

"काकी, महिनाभर झालं, तू मला उंदरांचंच विचारतीयेस."

"शास्त्राची बाई आहे मी."

"शास्त्राची कुठली? वकिलाची झालीयेस. आईवर केस लावलीयेस की तू. मी तुझी साक्षीदार काय?"

मी पुढची शेंग घेतली. ती म्हणाली, "मग निकाल पण ऐक. मी दचकती कारण मंगळवेढ्यात आजी मागनं येऊन पाठीत धपाटा घालायची. इंदूदादा पण दचकतोय, त्याला तर तू सोडलं नव्हतंस कुठं. आणि पिल्लू जन्मल्या जन्मल्या दुसऱ्या उंदरीकडं दिलं, तर ते नीट वाढतंय. ती चाटती, पाजती, ग्रंथी गप राहती. रोज करतो आम्ही ते."

"त्या उंदरीला दूध असतं," मी म्हणाले. "अक्कांना कुठं होतं?"

"दूध सारजामावशीचं होतं. शेजारीच होती की ती. आणि आई नसलेल्या पिल्लाच्या अंगावरनं ओला कुंचला फिरवत राहिलं, तरी त्याची भीती पुष्कळ कमी होतीये. लोकांनी करून बघितलंय. आई चाटल्यागत वाटतंय त्याला."

कुंचला. ऐकलंत ना अक्का? तीस वर्षं जिला सगळे आई म्हणून नावाजतात, ती काय होती, ते शास्त्रानं सांगितलं. रंगाऱ्याच्या दुकानात मिळतो तो कुंचला. पाण्यात बुडवायचा, फिरवायचा, झालं.

हे मी तिच्यापुढे बोलले नाही. तुम्हाला लिहिते आहे.

पण यापेक्षा मोठं पुढे आहे. मी तिला विचारलं, उंदरीला परकं पिल्लू चालतं कसं? ती म्हणाली, "सोपंय. भाताचं तूस घालतो ना आम्ही पिंजऱ्यात, तर त्या दुसऱ्या आईच्या पिंजऱ्यातलं मूठभर तूस घ्यायचं आणि पिल्लाच्या अंगाला चोळायचं. तिला तिचाच वास येतो. पिल्लाच्या नाकालाही तोच वास बसतो."

गवार माझ्या हातातून खाली पडली.

तुमचं एक जुनं लुगडं होतं. विटकं, मोरपंखी काठाचं, चुलीच्या धुराचा नि करडईच्या तेलाचा वास असलेलं. अंकिता जन्मली त्या दिवसापासून तिची सगळी बाळोती, दुपटी, झबली त्याच लुगड्याची होती. सासूबाई माझ्या बाळंतपणाला इथं आल्या त्या ते घेऊनच. मी माझ्या आईच्या मऊ साड्या धुऊन घडी करून ठेवल्या होत्या. त्यांनी त्या बाजूला सारल्या. "न्हाई, ह्येच वापरायचं." मला वाटलं म्हातारीची काही रीत असेल. मी तीस वर्षं समजत होते, बारशाच्या दिवशी त्यांच्या एकदम मनात आलं आणि त्यांनी पोर तुमच्या ओटीत घातली. एकदम काही नव्हतं. पहिल्या दिवसापासून तुमचा वास लावून तिला तयार करणं चाललं होतं, आणि मी माझ्या हातानं तिला त्यात गुंडाळत होते.

लुगडं तुमचं होतं. ते तुमच्या पेटीतून आपोआप बाहेर आलं नाही. तुम्हाला आधीपासून माहीत होतं. मंगळवेढ्यात बसून तुम्ही पाळणा बांधून ठेवला होता, आणि बारशाला मात्र माझ्याकडे असं बघितलंत, जणू तुम्हालाही नवल वाटलंय.

ती आता तिथं येणार नाही. तिच्या पोटातल्याला तुमच्या लुगड्याची चिंधीही लागणार नाही.

प्रभा


१२ ऑगस्ट २०२५

राखीच्या दिवशीचं पत्र तुम्हाला मिळालं असेल. मागे घेत नाही. पण एक राहिलं होतं.

तुम्ही एसटीत बसलात आणि इथं माझं दूध थांबेना. गल्लीतल्या कानडी आजी होत्या, त्यांनी मोगऱ्याची फुलं आणायला सांगितली. ती छातीवर बांधून ठेवायची, म्हणजे दूध आटतं. सासूबाईंनी रोज ताजी बांधली. रोज सुकलेली काढून परसात टाकली. तेव्हापासून मी गजरा घातलेला नाही. तुम्ही एकदा चारचौघींत मला टोमणा मारला होता, "कान्वेंटातल्या बाया फुलं माळत न्हाईत." तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं की काय, कोण जाणे.

काल मी अंकिताला विचारलं, पिल्लं उचलून नेल्यावर त्या आईची ग्रंथी तोलता का तुम्ही?

"नाही गं काकी. प्रश्न पिल्लांचा आहे ना."

"मग तिचं काय करता?"

"पुढच्या वेतासाठी ठेवतात," ती बोलून गेली, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग उठून तिनं चहा केला. तिला चहाच्या वासानं उलटी होते, तरी केला.

मलाही ठेवलं होतं पुढच्या वेतासाठी. "अजून व्हईल की एखादं," सासूबाई म्हणायच्या. मी माझं अंथरूण इंद्रजीतच्या खोलीत नेलं ते नेलंच.

प्रभा


१ सप्टेंबर २०२५

अक्का,

काल फोन वाजला, नाव बघितलं आणि मला वाटलं अंकिताला काही झालं. ती तर समोर बसली होती. तीन वर्षांनी तुमचा आवाज. तुम्ही 'हॅलो'ही म्हणाला नाहीत.

"परभा, तुजं पत्र वाचलं. लई डाव वाचलं. कुंचला म्हनलीस मला."

मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"कुंचला तर कुंचला. पोरगी वाळली न्हाई माजी. तापात आठ आठ दिस मांडीवर हुती. आता लुगड्याचं ऐक. त्ये मी धाडलं न्हाई. भावजी आलं हुतं न्यायला."

"कोणते भावजी?" मी विचारलं. जसे काही तुम्हाला दहा दीर आहेत.

"तुजा नवरा. तुला दिस भरत आलं हुतं, बाळतपनाला आत्याबाईस्नी न्यायला आलं. मला म्हनलं, वैनी, एक जुनं लुगडं द्या, परभानं मागितलंय. मी म्हनलं, तिला कशाला माजं फाटकं? तर म्हनलं, तिची विच्छा हाय, मुलगी झाली तर तुमच्याच वटीत घालायची, म्हनून बाळुती पन तुमच्याच लुगड्याची पायजेत. परभा, मी त्या दिशी जेवले न्हाई. शिकल्याली जाऊ माज्यासाटी एवढं करती म्हनून देवापुढं बसून रडले. आणि बारशाला तुज्याकडं बगितलं, तर तू मान हालवलीस."

"हलवली नाही, अक्का. खाली घातली."

फोनमधून तुमच्याकडची शेळी ओरडली.

"मंजी तू दिली न्हाईस," तुम्ही म्हणालात.

"नाही."

"मग मी काय पळवून आनली व्हय गं?" आणि फोन ठेवलात.

मी तुम्हाला आजवर त्यांचं नाव घेऊन काही सांगितलेलं नाही. 'हे' म्हणाले, 'तुमचे भावजी' म्हणाले. आज नाव लिहिते. उदयसिंह बाहेरच्या खोलीत बातम्या बघत शेंगा फोडत बसले होते. मी टीव्ही बंद केला आणि विचारलं, लुगडं कोणी आणलं होतं?

तीस वर्षं या माणसाचं एकच उत्तर होतं, "थोरल्यांनी ठरवलं, मला काय ठाऊक." बारशानंतर मी भिंतीकडे तोंड करून पडले होते तेव्हा हेच. अंकिताच्या पहिल्या वाढदिवसाला मला मंगळवेढ्याला नेलं नाही तेव्हा हेच. कन्यादानाला बसताना तुम्ही मांडवामागं गेलात तेव्हाही हेच. मला वाटायचं, गरीब आहे बिचारा, आईपुढे बोलता येत नाही. मी त्यांची कीव करत आले, अक्का. त्यांच्या वाटणीचा रागही मी तुमच्यावर काढला.

कालही त्यांनी तेच सुरू केलं, "आईनं ठरवलेलं..." मी म्हणाले, वहिनींना काय सांगून आणलंत? तेव्हा त्यांनी हातातली शेंग बशीत ठेवली.

"दादाला कोण होतं? आई रोज रडायची. तुला एक होता की."

"मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

इतकं सरळ सांगितलं. आवाजही चढला नाही. मग म्हणाले, "चांगलंच झालं की पोरीचं. आता काय उकरायचं त्यात?" आणि रिमोट शोधायला लागले. तो माझ्या हातात होता.

अंकिता दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. तिला बघून ते म्हणाले, "बस की बाळ, शेंगा खा." ती म्हणाली, "नको काका." त्यांना ती नेहमीच काका म्हणते. काल मात्र ते दचकले.

तुम्हाला मी काय म्हणू? क्षमा मागितली तर तुम्ही म्हणाल, कान्वेंटची पद्धत. तुम्हाला एक जुनी गोष्ट आठवते का बघा. लग्नानंतरच्या पहिल्या पौषात तुम्ही मला रानात हुरड्याला नेलं होतं. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजून तुम्ही तळहातावर चोळत होता आणि फुंकर मारून गरम दाणे माझ्या ओंजळीत टाकत होता. मला खायची घाई, तुम्हाला चोळायची. तुमच्या तळव्याला फोड आला होता, तो संध्याकाळी दिसला. त्या बाईनं माझी मुलगी चोरली असं मी तीस वर्षं मानत आले. मानणं सोपं होतं, कारण तुम्ही लांब होता. ते रोज माझ्या पानासमोर जेवत होते.

माझी मुलगी मला परत मिळाली नाही, मिळणारही नाही. तुमच्यावर राग होता तेव्हा निदान तो कुठे ठेवायचा हे ठाऊक होतं.

प्रभा


१२ ऑक्टोबर २०२५

अक्का,

हे पत्र आधी पोहोचतं की आम्ही, कोण जाणे. मंगळवारी सकाळच्या एसटीनं येतोय. जावई राजस गाडी करून देतो म्हणाले, पण अंकिताला एसटीच हवी. डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलंय आणि तिथल्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठीही दिली आहे. प्राणिगृहातलं काम तिनं महिन्यापूर्वीच थांबवलं. गाईड बाईंनीच बजावलं होतं, पोटुशी बाईनं त्या औषधांच्या वासात उभं राहायचं नाही.

मंगळवेढ्याला यायचं तिनंच ठरवलं. मी तिला काही शिकवलं नाही, उंदरांचंही विचारलं नाही. तीच म्हणाली, "मी आईकडं जाणार. आणि काकी, तू पण यायचं. नुसतं बाळ हातात येईपर्यंत नाही, सव्वा महिना पुरा." मी म्हणाले, अक्कांना चालेल का? तर म्हणाली, "आईला विचारलं. आई म्हणाली, तिला सांग, भाकरी फाटली तर आता मी खाणार न्हाई, दात न्हाईत."

मी हसले आणि मग मला मोरीत जाऊन तोंड धुवावं लागलं.

ती बॅग भरताना म्हणत होती, दोन बाळंतिणी उंदरी एका पिंजऱ्यात ठेवल्या की त्या पिल्लं एका जागी गोळा करतात. कोणाचं कुठलं बघत नाहीत, दोघी सगळ्यांना पाजतात. मी म्हणाले, उंदरांना सासू नसते, म्हणून जमतं त्यांना. ती म्हणाली, "नवरा पण नसतो काकी. नराला आम्ही आधीच वेगळ्या पिंजऱ्यात काढतो."

बाहेरच्या खोलीत त्यांनी ऐकलं असेल. ऐकू देत.

उगाच गोड होऊन येत नाहीये मी, हे आधीच सांगते. ती तुमच्या कुशीत शिरून झोपेल, तुम्हाला आई म्हणून हाक मारेल, वेणा लागल्यावर तुमचा हात मागेल, आणि ते मला तिथं उभं राहून बघायचं आहे. मला ते सोसेल असं नाही. तुम्हाला मी घरात वावरताना सोसेन असंही नाही. तीस वर्षं एका माणसाच्या थापेवर आपण एकमेकींना शिव्या दिल्या, त्या आता कुठे ठेवायच्या ते दोघींनाही माहीत नाही. चुलीपाशी भांडण झालं तर होऊ द्या. निदान समोरासमोर होईल.

बाळोत्यांसाठी माझी एक साडी आणते आहे. शाळेतली, फिकट निळी. खडूचा वास तिला अजून येतो असं अंकिता म्हणते, मला येत नाही. तुमचंही एक जुनं लुगडं काढून ठेवा. फाडायचं दोघींनी मिळून आणि ढीग एकच करायचा. बाळाला जे हाताला येईल ते.

आज सकाळी ते चहा घेताना विचारत होते, "जेवणाचं काय माझं?" मी म्हणाले, कोपऱ्यावर खानावळ आहे. थोड्या वेळानं पुन्हा आत आले. दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले, आईपुढे उभे राहायचे तसे.

"परत कधी येणार?"

मी पिशवीची चेन लावली.

"थोरल्या जाऊबाईंनी ठरवलंय," मी म्हणाले. "मला काय ठाऊक."

प्रभा